मुंबईत नोकरी-मदतीच्या सेवेवर येणाऱ्या वयस्क जोडप्यांसाठी

आम्ही दोघं नगरकडचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. दोघंही निवृत्त झाल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीने विचारलं, दीड वर्ष मुंबईला जाऊन सेवा कराल का? काम सुटलेली माणसं, शिक्षण संपवून घरी बसलेली मुलं, पहिल्यांदाच कमावायला बाहेर पडणाऱ्या बायका, यांना काम शोधायला मदत करायची होती. भांडुपला चर्चच्या आवारात एक खोली, एक टेबल आणि चार खुर्च्या मिळाल्या. सुरुवातीचे तीन महिने आम्ही चाचपडत होतो. तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट सगळ्यांत आधी सांगते. “नोकरी लावून देतो” हे वाक्य तोंडातून कधीही काढू नका. नोकरी देणं आपल्या हातात नाही. माणूस काम शोधत असतो तेव्हा आठवडेच्या आठवडे त्याला कुणाचा फोन येत नाही, घरातले बोलणं कमी करतात, आणि तो सगळं सोडून देतो. त्या दिवसांत त्याच्या शेजारी बसायचं, त्याचे कागद नीट करायचे, फसवणुकीपासून त्याला वाचवायचं आणि पुढच्या बुधवारी पुन्हा यायला सांगायचं, हे आपलं काम.

१. होकार देण्याआधी

खर्च आपलाच असतो. पेन्शनमधून महिन्याचं भाडं, औषधं, प्रवास आणि चहापाणी भागतं का ते कागदावर मांडून बघा. किती महिन्यांसाठी जायचं, राहायचं कुठे आणि अडचण आली तर कुणाकडे जायचं, हे तिन्ही पाळकसाहेबांकडून आधी लिहून घ्या. चर्चची खोली नसेल आणि भाड्याने राहणार असाल तर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी करूनच घ्या.

लोकलमध्ये ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात, पण सकाळी आठ ते अकरा त्या जागेपर्यंत पोचणंच कठीण. आम्ही मदतीच्या टेबलाची वेळच साडेअकराची ठेवली. गावी जायला एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढे मोफत प्रवास आहे. बायकांना कोणत्याही वयात अर्धं तिकीट.

प्रेषितांच्या कृत्यांत अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला आहेत, ते तंबू बनवणारं जोडपं. रोम सोडावं लागलं म्हणून ते करिंथात आले होते. पौल तिथे आला तेव्हा त्याचाही धंदा तोच, म्हणून तो त्यांच्याकडे राहून काम करू लागला. बायबलमध्ये ही दोन नावं कुठेही एकमेकांवाचून येत नाहीत. ही सेवा जोडप्याला का देतात, ते मला पहिल्याच महिन्यात कळलं.

२. टेबल लावताना

आठवड्यातून दोन दिवस ठरवा आणि ते कधीही चुकवू नका. आमचे बुधवार आणि शनिवार होते. रविवारी उपासनेनंतर लोक घोळक्याने येतात, पण चारचौघांत कुणी खरं बोलत नाही. त्या दिवशी फक्त पुढच्या भेटीची वेळ ठरवून द्या.

मदत सगळ्यांना करा. आमच्याकडे आलेल्यांत ख्रिस्ती नसलेली माणसं निम्म्याहून जास्त असतील. कुणालाही धर्म विचारू नका. मदतीच्या बदल्यात उपासनेला यायला सांगू नका आणि टेबलावर पत्रकं ठेवू नका. कुणी आपणहून प्रार्थना करायला सांगितली तर जरूर करा, ती वेगळी गोष्ट. गरजेत असलेल्या माणसाला अट घालणं मला पटत नाही. शिवाय एकदा का लोकांच्या मनात शंका आली की आवारात पाऊल टाकायलाही ती कचरतात.

लागणारं सामान फार नाही. दोनशे पानी वही, इंटरनेट असलेला स्मार्टफोन, जवळच्या झेरॉक्सवाल्याशी ओळख, पासपोर्ट साइझ फोटो कापायला कात्री, स्टेपलर, प्लॅस्टिकचे फोल्डर आणि पाण्याचा जग. लॅपटॉप आम्ही पाचव्या महिन्यात घेतला, त्याआधी काही अडलं नाही.

३. पहिली भेट

यात घाई करू नका. आम्ही सुरुवातीला फॉर्मच पुढे ठेवायचो: नाव, शिक्षण, अनुभव. माणसं भरून द्यायची आणि परत यायची नाहीत.

एक गृहस्थ होते, बावन्न वर्षांचे, फिटर. कारखाना बंद झाला होता. तीन वेळा आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून आमचा पेपर वाचला आणि गेले. चौथ्या वेळी यांनी त्यांना सहज विचारलं, “लेथवर काम केलंय का हो कधी?” मग दीड तास दोघं मशीनबद्दल बोलले. शेवटी ते म्हणाले, “साहेब, पगाराचं नंतर बघू. मला सकाळी घराबाहेर पडायचंय.” त्यांना काय हवं होतं ते कोणत्याही फॉर्ममध्ये मावलं नसतं. पुढे त्यांना एका वर्कशॉपमध्ये देखभालीचं काम लागलं. पगार आधीपेक्षा कमी होता, पण माणूस उभा राहिला.

दोघांनी काम वाटून घ्या. एकाने ऐकावं, दुसऱ्याने लिहावं. बायका बहुतेक वेळा पुरुषासमोर मोकळ्या होत नाहीत. नवरा गेलेली एक बाई टेबलाशी बसून पंधरा मिनिटं फक्त “हो”, “नाही” म्हणत होती. नंतर मोरीपाशी माझ्याबरोबर कप विसळताना तिने सगळं सांगितलं: कर्ज, सासूचं आजारपण, आणि दुपारी तीनच्या आत तिला घरी पोचावंच लागतं हे. ती तीनची वेळ कळली नसती तर आम्ही तिला भलत्याच कामांकडे पाठवत बसलो असतो.

वहीत प्रत्येकाला एक पान द्या. काय येतं, घरी कोण अवलंबून आहे, किती वाजता निघू शकतो, किती वाजता परत पोचायला हवं, आजवर कुठे प्रयत्न केले, कुणाचे किती पैसे देणं आहे, हे सगळं त्यावर यायला हवं. ती वही कुलपात ठेवा.

४. कागदपत्रं: निम्मं काम इथेच अडतं

नोकरी मिळाली आणि कागदांमुळे गेली, असं आम्ही इतक्यांदा पाहिलं की नंतर नोकरीच्या आधी कागद हा नियमच केला. प्रत्येकाकडे हे असायला हवं:

– आधार कार्ड, चालू मोबाइल नंबरला जोडलेलं
– पॅन कार्ड
– दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पुढचं शिक्षण असेल तर त्याचे दाखले
– स्वतःच्या नावाचं बँक पासबुक
– जुन्या नोकरीचं पत्र किंवा पगाराची स्लिप
– आधी पीएफ कापला गेला असेल तर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर
– सहा फोटो

आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असणं हा सगळ्यांत मोठा अडथळा. ओटीपी येत नाही, मग पीएफचं खातं उघडत नाही, सरकारी पोर्टलवर नोंदणी होत नाही. पहिल्याच भेटीत विचारा, “या नंबरवर ओटीपी येतो का?”

दुसरी अडचण नावाची. आपल्या लोकांत ती जास्तच. बाप्तिस्म्याचं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं, आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. आधार आणि पॅनवर नाव आणि जन्मतारीख तंतोतंत एक हवी. शाळेचा दाखला प्रमाण मानून बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करा. नावच बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ऑनलाइन अर्ज करून प्रसिद्ध करावं लागतं. गोदामात काम लागलेल्या एका मुलाच्या आधारवर जन्माचं वर्ष दोन वर्षांनी चुकलं होतं. दुरुस्ती होईस्तोवर ती जागा भरली गेली. तो रडला नाही, पण महिनाभर आमच्याकडे फिरकला नाही.

तिसरी गोष्ट: यूएएन माणसाला एकच असतो. नोकरी बदलली की कंपनी नवा काढू पाहते आणि जुने पैसे अडकतात. जुना नंबर लिहून द्यायला सांगा.

५. बायोडेटा

एक पान पुरे. सायबर कॅफेत तयार मिळणाऱ्या बायोडेटात वडिलांचं नाव, धर्म, छंद, “मी प्रामाणिक आहे” अशी वाक्यं असतात. ती काढून टाका. त्याने काय केलंय ते साध्या शब्दांत लिहा. “दुकानात मदतनीस” लिहिण्यापेक्षा “दोन वर्षं किराणा दुकानात काउंटर, स्टॉक मोजणी, होम डिलिव्हरी” हे जास्त बोलतं. घरी शिवणकाम केलेल्या बाईला आपला अनुभव हा अनुभवच वाटत नाही. तिला महिन्याला किती ब्लाउज शिवतेस ते विचारा आणि तो आकडा लिहा.

खोटा अनुभव लिहायला कुणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा.

६. काम कुठे शोधायचं

ऑनलाइन दोन नोंदण्या सगळ्यांच्या करून ठेवा: केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि महाराष्ट्राचं महास्वयम. दोन्ही मोफत आहेत. नोंदणी केली म्हणजे फोन येईलच असं नाही, पण रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. आयटीआय झालेल्यांना आधी अप्रेंटिसशिपकडे, म्हणजे कंपनीत काम शिकत करायच्या उमेदवारीकडे वळवा. विद्यावेतन कमी वाटतं म्हणून मुलं नाकारतात, पण वर्षाने हातात येणारं प्रमाणपत्र पुढे कामाला येतं. ज्याला दहावीनंतर काय करावं कळत नाही त्याला कुर्ला किंवा मुलुंडच्या आयटीआयला प्रत्यक्ष घेऊन जा. वर्कशॉप डोळ्यांनी पाहिलं की मुलाचा चेहरा बदलतो.

तरी खरी कामं आम्हाला पायी फिरून सापडली. आठवड्यातून एक दिवस हे मुलुंडपासून विक्रोळीपर्यंतचे औद्योगिक गाळे फिरायचे. गेटवर “पाहिजेत”ची पाटी असते, वॉचमन सांगतो कुठे भरती चालू आहे. अंधेरीत एमआयडीसी आणि सीप्झ या निर्यात-उद्योगांच्या वसाहतीच्या बाजूला असंच. दवाखाने, शाळांच्या कँटीन, पाळणाघरं, हाउसकीपिंगचे कंत्राटदार यांची यादी मी बनवली. चाळिशीपुढच्या बायकांना कामं मिळाली ती बहुतेक या यादीतूनच. रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत जाणार असतील तर ब्यूरो पगारातून किती कापणार ते आधी लिहून घ्यायला सांगा.

सिक्युरिटीचं काम सहज मिळतं, म्हणून सगळे तिकडे पळतात. एजन्सीकडे परवाना आहे का आणि ड्यूटी आठ तासांची की बारा, हे विचारल्याशिवाय होकार देऊ देऊ नका. बृहन्मुंबई आणि ठाण्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळही आहे. मंडळातून लागलेल्या रक्षकाची स्थिती बरीच बरी असते, फक्त भरती कायम चालू नसते. नाक्यावर उभे राहणारे बांधकाम मजूर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला देऊन बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करू शकतात. हा दाखला पैसे घेऊन “करून देणारे” नाक्यावरच भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

अंतर मोजा. नालासोपाऱ्याहून अंधेरी, तिथून बस, पुढे चालणं, म्हणजे जाऊन-येऊन साडेतीन-चार तास. चौदा-पंधरा हजारांसाठी ते कुणी फार दिवस ओढत नाही. कमी पगाराची जवळची नोकरी टिकते.

ओळखीचा उपयोग जपून करा. आमच्याकडून एक चूक झाली. ओळखीच्या एका साहेबांना फोन करून एका मुलाला कामावर घ्यायला लावलं. मुलाला ते काम नकोच होतं, आईच्या आग्रहाने आला होता. चौथ्या दिवशी सोडून गेला, आणि त्या साहेबांनी पुन्हा आमचा फोन उचलला नाही. त्या दारातून पुढे खऱ्या गरजवंताला पाठवता आलं असतं.

७. मुलाखतीची तयारी

“स्वतःबद्दल सांगा” या एका प्रश्नाचीच तालीम दहा वेळा घ्या. इंग्रजी येत नसेल तर मराठी-हिंदीत नीट बोलणं मोडक्या इंग्रजीपेक्षा चांगलं. हे साहेब बनून टेबलापलीकडे बसायचे, मी मुलांच्या बाजूला. आदल्या दिवशी पत्ता शोधून यायला सांगा. मोबाइलवरची कॉलर ट्यून आणि व्हॉट्सॲपचा फोटोही बघा.

८. फसवणूक: हे पुन्हा पुन्हा सांगा

नोकरीसाठी पैसे मागितले की तिथून उठायचं. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपची अनामत, नाव काहीही असो. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत, झेरॉक्स द्यायची आणि मूळ दाखवून परत घ्यायची. टेलिग्रामवर “व्हिडिओ लाइक करा, रोज कमवा” असं सांगून आधी दीडशे-दोनशे रुपये देतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात. कुणी फसलंच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. लाजेने लोक दोन दिवस घालवतात. त्यांना रागावू नका.

परदेशी नोकरीसाठी एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला हवा. त्याचा परवाना नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. त्याहून जास्त मागणारा नियम मोडतो आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो, आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जायला त्यांना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे सरकारची परवानगी, लागतो. “व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ” म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी सांगून मुलांना म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबल्याच्या घटना घडल्या आहेत आणि सरकारने तसे इशारेही दिले आहेत.

जहाजावरच्या नोकरीचं वेड आपल्या मुलांना फार. तिथे भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना हवा आणि नोकरी देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. एका मुलाच्या आईने मंगळसूत्र गहाण ठेवून एजंटाला पैसे दिले होते. मुलगा आमच्याकडे आला तेव्हा एजंटाचं ऑफिस बंद झालं होतं. पोलीस तक्रारीला हे त्याच्याबरोबर गेले, चार खेपा झाल्या. पैसे परत आले नाहीत. त्यानंतर आम्ही परवाना तपासायची पद्धत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावली.

९. काम लागल्यावरचा पहिला महिना

बहुतेक जोडपी इथे थांबतात, आणि माणूस नेमका इथे घसरतो. पहिल्या पगाराच्या दिवशी तक्रार ठरलेली: “पंधरा सांगितले, तेरासुद्धा आले नाहीत.” हा हिशोब आधीच समजावा. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहे. पीएफ १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, पाऊण टक्का, म्हणजे ११३ रुपये. पुरुषांना व्यवसाय कर २०० रुपये. हातात येतात १२,८८७. स्त्रियांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. हे कापलेले पैसे वाया जात नाहीत: पीएफमध्ये कंपनीही भर घालते आणि ईएसआयमधून घरच्यांचंही औषधपाणी होतं. ईएसआय २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू आहे. “सीटीसी” (कंपनीला पडणारा एकूण खर्च) म्हणून मोठा आकडा सांगितला असेल तर त्यात कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो, हेही सांगा.

उलट कापलं जातं पण भरलं जात नाही, असंही होतं. दोन महिन्यांनी सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून दाखवायला सांगा.

पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी फोन करा. सातव्या दिवशी बहुतेकांना सोडून द्यावंसं वाटतं. सुपरवायझर ओरडतो, पाय दुखतात, डबा एकट्याने खावा लागतो. तेव्हा उपदेश नको. “जेवलास का?” एवढं विचारलं तरी मुलं बोलायला लागतात. मात्र कुणी बाईने कामावर त्रास होतो म्हणून सांगितलं तर “सहन कर” म्हणू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्याबरोबर बसून तक्रार लिहा.

१०. तुमच्यासाठी

स्वतःच्या खिशातून उसने पैसे देऊ नका. मुलाखतीचं रेल्वे तिकीट काढून द्या, जुना शर्ट इस्त्री करून द्या, पण रोख देणं-घेणं सुरू झालं की माणूस तोंड चुकवतो आणि मदतही थांबते. घरात रेशन नसेल तर मंडळीच्या मदतनिधीकडे पाठवा.

कुणाची गोष्ट रविवारी चारचौघांत सांगू नका, चांगली असली तरी. रात्री आठनंतर फोन घेऊ नका. आम्ही घ्यायचो, आणि यांचं ब्लड प्रेशर वाढलं. सोमवारचा दिवस फक्त दोघांचा ठेवा. आम्ही त्या दिवशी पवईच्या तलावाकाठी जायचो आणि टेबलाचा विषय काढायचा नाही असं ठरलेलं होतं.

मुदत संपत आली की शेवटचा महिना नव्या जोडप्याबरोबर बसा. गेटवरच्या वॉचमनशी, झेरॉक्सवाल्याशी, कँटीनच्या मालकिणीशी त्यांची ओळख करून द्या. वही हवाली करण्याआधी प्रत्येकाला विचारा, तुझं पान नव्यांना दाखवू का? ज्यांनी नाही म्हटलं त्यांची पानं फाडून नष्ट करा. ज्यांचं काम अजून लागलेलं नाही त्यांच्या पानांचा कोपरा दुमडून ठेवा. आम्ही निघालो तेव्हा अशी एकोणीस पानं होती. नव्या काका-काकूंनी पहिल्या बुधवारी तिथूनच सुरुवात केली.